माझ्यातून कोणी बाहेर गेलं नाही

ठोठावू नका, आणि दचकूही नका. बोलणारा मीच आहे, दरवाजा. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे, परिषद-दालनाच्या तोंडाशी मी उभा असतो. भिंतींना कान असतात असं तुम्ही म्हणता. असतील. पण भिंत ऐकते ती एका बाजूचं. मला दोन्ही बाजू ऐकू येतात. आत बसून विद्यापीठ ठरवत असतं, आणि बाहेर समोरच्या बाकावर, ज्याचं काही ठरायचं असतं तो जीव मुठीत धरून बसलेला असतो.

मला घडवणारा सुतार मोठा कुरकुऱ्या होता. एवढं जाड लाकूड कशाला, आत तोफा ठेवणार आहात का, असं त्यानं अभियंत्याला विचारलं. आत माणसं बोलणार आहेत, असं उत्तर आलं. तेव्हा सुतारानं रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, मग आणखी जाड हवं होतं.

पुढे एका कुलगुरूंनी माझ्या आतल्या अंगाला गादी ठोकून घेतली, कारण त्यांचं ओरडणं व्हरांड्यात ऐकू जायचं. तेव्हापासून मी आतून मऊ आणि बाहेरून कठीण आहे. या इमारतीत असे बरेच जण आहेत, त्यामुळे मला कधी परकं वाटलं नाही.

माणसांच्या सवयी मला पाठ आहेत. आत शिरताना ती कॉलर नीट करतात, बाहेर पडताना सैल करतात. मनाविरुद्ध निर्णय झाला की मला दाणकन आपटतात. निर्णय घेणाऱ्याला कोणी आपटत नाही. तो राग माझ्या बिजागऱ्यांवर निघतो.

विद्यापीठाच्या नियमांच्या जाडजूड पुस्तकात माझा उल्लेख कुठेही नाही. तरी एक नियम मी माझाच मानतो. ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा हितसंबंध असेल, तो विषय संपेपर्यंत त्यानं दालनाबाहेर थांबावं. आता बाहेर म्हणजे माझ्यातूनच. खिडक्या आहेत, पण दुसऱ्या मजल्यावरून तो मार्ग कोणी पत्करत नाही.

सुरुवातीच्या काळात हा नियम पाळला जायचा. एक म्हातारे प्राचार्य होते. त्यांच्या भाच्याच्या नेमणुकीचा विषय आला तसे ते न सांगता उठले, बाहेर बाकावर बसले, खिशातून संत्रं काढून सोलू लागले. शिपायालाही दोन फोडी दिल्या. बोलावणं आलं तेव्हा हात पुसून आत गेले. भाच्याला ती जागा मिळाली नाही. बहिणीनं वर्षभर अबोला धरला म्हणे. पण त्या दुपारी त्यांच्यामागे बंद होताना मला माझ्या असण्याचा अर्थ कळला होता.

मग दालनात फिरत्या खुर्च्या आल्या आणि घात झाला. एका सदस्यांना उठायचा कंटाळा आला. तेव्हाचे नवे कुलसचिव, म्हणजे कारभाराची सगळी कागदपत्रं ज्यांच्या हाताखालून जातात ते गृहस्थ, मोठे सोयीचे माणूस. ते म्हणाले, उठता कशाला, खिडकीकडे तोंड करा, बाहेर गेल्यासारखंच आहे. सगळे हसले. खुर्ची फिरली. आणि इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, लिहिलं गेलं: 'सदस्य दालनाबाहेर गेले.'

मी तिथेच होतो. माझ्यातून कोणी बाहेर गेलं नाही.

त्यानंतर ती रीतच पडली. पाठ फिरवलेला माणूस ऐकत असतो, आणि बाकीच्यांना ते ठाऊक असतं. तो नुसता खाकरला तरी समोरच्याचं वाक्य वळण घेतं. कितीतरी निकाल मी असे खाकरण्यावर फिरताना ऐकले. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून मूग गिळून उभा राहिलो.

मग एक दिवस ती आली. नवी विधी अधिकारी. दूर देशी कायदा शिकून, तिथली चांगली चालून आलेली नोकरी सोडून परत आलेली. बोलता बोलता कलमांचे आकडे सांगायची म्हणून कचेरीत तिचं नाव 'कलमबाई' पडलं. तिला ते कळलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली की बाई नको, ताई म्हणा. पहिल्याच सभेत तिनं फिरलेली खुर्ची पाहिली. सभा संपल्यावर कुलसचिवांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, इथं सगळं समजुतीनं चालतं."

ती कागद आवरून निघाली. पण माझी मूठ तिनं इतकी घट्ट धरली होती की मला तेव्हाच वाटलं, ही पोर एक दिवस सगळ्यांची झोप उडवणार.

तो दिवस परिषदेच्या मुदतीचा शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी परिषद बरखास्त होऊन नवी यायची होती, आणि नवी जमायला महिनोन्‌महिने लागतात. बाहेर बाकावर एक संशोधन करणारी मुलगी तिच्या मावशीबरोबर बसली होती. प्रयोगाचे आकडे तिनं मनानं बनवले, असा तिच्या विभागप्रमुखांचा आरोप. तिचं म्हणणं उलटं होतं: सरांनीच आकडे जरा सारखे करून द्यायला सांगितले, आणि मी नाही म्हटलं. तिची नोंदणी रद्द झाली होती. अपिलाची मुदतही त्याच दिवशी संपत होती. ते ऐकलं गेलं नाही, तर नोंदणी कायमची जाणार, आणि पाच वर्षांची मेहनत मातीत. आणि विभागप्रमुख स्वतः परिषदेचे सदस्य होते, आत बसलेले.

खरं कोण बोलत होतं, ते मला ठाऊक नाही. दरवाजाला खरंखोटं कळत नाही. कोण कुठल्या बाजूला आहे, एवढंच कळतं.

"आत जेवण बिवण चाललंय का गं? किती वेळ," मावशी कुजबुजली. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

आत कुलसचिवांनी विषय पुकारला. विभागप्रमुखांनी पायानं जमिनीला रेटा दिला आणि त्यांची खुर्ची सवयीनं खिडकीकडे फिरली.

कलमताई उभी राहिली. ती सदस्य नव्हती. विचारल्याशिवाय तिनं बोलायचं नसतं. तरी बोलली. "सर, आपल्याला बाहेर थांबायचंय."

कोणाचा तरी चमचा बशीत वाजला आणि थांबला. विभागप्रमुख न वळताच म्हणाले, "मी बाहेरच आहे."

"खुर्ची आत आहे, सर."

ते सावकाश वळले. हसत होते, पण मानेवरची शीर ताठ झालेली मला मागून दिसली होती. "तुम्ही शिकलात तिकडे दरवाजे आपोआप उघडत असतील, मुली. इथं ढकलावे लागतात."

"म्हणून तर उभी राहिले."

मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. सभा चालायला निदान सहा सदस्य लागतात. त्या दिवशी आत नेमके सहा होते, त्यांना धरून. ते शांतपणे म्हणाले की मी गेलो की तुम्ही पाच उरता, सभा मोडते, मुदत आज संपते. "मग त्या पोरीचं अपील कोण ऐकणार? नियम तुमचा, आणि गळा तिचा."

कलमताईचा चेहरा उतरला. तिच्या सगळ्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं. खाली बसावं, तर अपील ऐकलं जाणार, पण त्या खाकरण्याच्या सावलीत. उभं राहावं, तर ऐकलंच जाणार नाही. ती माझ्याजवळ आली आणि तिनं पाठ माझ्या गादीला टेकली. तिची धडधड मला लाकडापर्यंत जाणवत होती. आणि माझ्या दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, ती मुलगी बाकावरून उठून तशीच टेकून उभी होती. दोघींच्या मध्ये फक्त मी.

कुलगुरू तसे मवाळ गृहस्थ. वाद म्हटला की ते घड्याळाकडे पाहायचे. ते म्हणाले, आजच्या दिवस चालवून घेऊ या का?

"चालवून घ्या, सर," कलमताई म्हणाली. "फक्त इतिवृत्तात खरं लिहा. सदस्य दालनाबाहेर गेले नाहीत. एवढं एकच वाक्य."

सगळ्यांनी कुलसचिवांकडे पाहिलं. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते वाक्य लिहिलं, तर अपिलाचा निकाल कोर्टात एक दिवस टिकणार नाही. नेहमीचं लिहिलं, तर आज पहिल्यांदाच, कोणीतरी बोट ठेवल्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोटं लिहायचं. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. वाईट माणूस नव्हे. कोणाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही, एवढंच.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सर," ते कुलगुरूंना म्हणाले. "डॉक्टर खाली आहेत."

"कोण डॉक्टर?"

तेव्हा जे बाहेर आलं ते मलाही नवीन होतं. परिषदेवर एक वृद्ध डॉक्टर होते, चाकाच्या खुर्चीतले. लिफ्ट बंद पडून काळ लोटला होता. दर सभेला ते यायचे, तळमजल्यावर थांबायचे, वर निरोप धाडायचे. आणि खाली निरोप जायचा की आज विशेष काही नाही, डॉक्टर, तुम्ही घरी गेलात तरी चालेल. इतिवृत्तात यायचं: 'प्रकृतीच्या कारणाने अनुपस्थित.' हे सांगताना कुलसचिवांनी मान वर केली नाही. "त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, सर. बिघडली आहे ती लिफ्ट. आजही बसलेत खाली."

"मग आणा की उचलून," विभागप्रमुख म्हणाले. आता हसू मावळलं होतं. "मी मात्र इथून हलणार नाही. मला बाहेर काढायचा अधिकार तुमच्यापैकी कोणाला आहे, सांगा."

खरंच कोणाला नव्हता. नियम 'जावं' म्हणतो. न गेल्यास काय, हे लिहायचं कोणाला कधी सुचलंच नव्हतं.

कलमताईनं कुलगुरूंकडे पाहिलं. "त्यांना नका काढू, सर. सभा कुठे घ्यायची हे तुम्ही ठरवता. आपणच जाऊ या खाली."

कुलगुरूंनी चष्मा पुसला, कागद उचलले आणि उठले. दुसरे उठले. तिसरे उठले. विभागप्रमुख म्हणाले, हा पोरकटपणा आहे. मी उघडलो, आणि एकेक करून अख्खी परिषद माझ्यातून बाहेर पडली. ज्यानं जायचं तो जाईना, म्हणून सभाच उठून गेली. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. कलमताई सर्वांत शेवटी निघाली. तिनं मुलीला म्हटलं, "चल, तुझंच काम आहे." आणि मला हळूच ओढून घेतलं.

मावशीचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावरच राहिली.

त्यानंतरचं मी पाहिलं नाही. माझा जन्मच एका जागी. खाली काय चाललं असेल या विचारानं मला घाम फुटला असता, दरवाजाला घाम येत असता तर. डॉक्टर खरंच असतील ना? का आजही कोणी त्यांना घरी धाडलं असेल? मावशीही तोच जप करत असावी. तिचे ओठ हलत होते.

आत विभागप्रमुख एकटेच. ते खुर्चीत बसले. खिडकीकडे फिरले, मग टेबलाकडे फिरले. कोणाकडे पाठ करायची, तेच उरलं नव्हतं. एकदा उगाच खाकरलेही. शेवटी उठून माझ्याजवळ आले. मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. आणि स्वतःच मला उघडून बाहेर आले.

मावशीनं वर पाहिलं. तिनं त्यांना ओळखलं होतं. "संपली वाटतं तुमची सभा?" तिनं विचारलं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तिनं पिशवी सरकवली. "बसा. इथं बसलं की वेळ जाता जात नाही. आम्हाला सवय झाली."

ते बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, हात गुडघ्यांवर ठेवून. नियम पाळला गेला होता. पाहायला परिषदेतलं कोणी नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. मुलगी एकटीच वर आली. सरांना बाकावर पाहून थबकली, ते चटकन उठून दुसऱ्या जिन्यानं निघून गेले. मावशी बाकावरून अर्धी उठली. "काय झालं गं? जिंकलीस का?"

"नाही, मावशी," ती म्हणाली. नोंदणी परत मिळाली होती, पण चौकशी पुन्हा होणार होती, बाहेरच्या माणसांकडून, अगदी पहिल्यापासून. तिचे आकडे तपासले जाणार होते आणि सरांचेही. "जिंकले नाही. पण माझं ऐकून घेतलं. पूर्ण. मध्ये कोणी खाकरलं नाही."

मावशीनं तिला जवळ ओढलं, तशी ती रडली. आधी रडली नव्हती.

आता मी जुना झालोय. पावसाळ्यात फुगतो, घासतो, करकरतो. नव्या परिषदेनं माझ्या जागी काचेचा दरवाजा बसवायचं ठरवलंय. कारभार पारदर्शक दिसायला हवा म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. सुताराच्या दारात उभं राहायची वेळ कधीतरी यायचीच.

फक्त एक मागणं आहे, आणि ते काचेच्या दरवाजासाठीही आहे. काचेतून सगळं दिसेल, पण नुसतं दिसून कोणाला न्याय मिळत नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाचा, वैऱ्याचा, लेकीचा विषय निघाला की खुर्ची फिरवू नका. उठा. चार पावलं चाला, मूठ फिरवा, बाहेर या आणि दार लावून घ्या. बाहेर बसणं थोडं अवघड जाईल. बाकावर आधीच कोणीतरी बसलेलं असेल. त्यांच्याशेजारी बसा.