राबहाचा कढत चहा

राबहा आमच्या हमामात वीस वर्षं बायकांचं अंग घासून देते. त्या गुरुवारी माझी पाठ घासताना, माझ्या नावाआधी अदबीचं 'लल्ला' लावत ती म्हणाली, "लल्ला झहूर, हे काम आता सोडते. अंगात एकदम आग उसळते, मान घामानं निथळते. इथल्या वाफेनं माझं रक्तच उकळलंय."

"पाळी कधी थांबली?"

"आठ महिने झाले. शाळेत विज्ञान शिकवता म्हणून इथंही परीक्षा घेता होय?"

मला हसू आलं. "एवढं सांग, आग उसळते कुठे? या गरम खोलीत?"

तिचा हात थांबला. "नाही हो. बाहेरच्या गार खोलीत, जरा टेकले की."

"तेव्हा हातात काय असतं?"

"काय असणार? पुदिन्याचा चहा. चांगला कढत."

मी तिला समजावलं, की या वयात शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा हळवी होते आणि जराशा उष्णतेनंही बिथरते. काहीजणींना कढत चहासुद्धा पुरतो. "आठवडाभर चहा निववून पी."

"निवलेला चहा! सासू कबरीतून उठून येईल."

पुढच्या गुरुवारी तिनं आपणहून सांगितलं, "दिवसातून सहा वेळा व्हायचं, आता दोनदा होतं."

"त्या दोनसाठी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. शनिवारी?"

"शनिवारी कशी येणार? एका नवरीची आंघोळ आहे. तिला मीच घासणार, कबूल केलंय मी."