कार्डावरची एकच रेघ

"एकच रेघ! नीट बघा, मंडळी, एकच रेघ!"

प्रोफेसरांनी बोटभर लांबीचं पांढरं कार्ड डोक्यावर धरलं आणि सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना हुंदका आवरेना. एका बाईने शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. दीडशे माणसं सहज असतील, आणि त्यातल्या निम्म्यांनी तोंडं रुमालाने झाकलेली. दारावर कुणी कुणाला नाव विचारलं नव्हतं. "इथे नाव नाही, पत्ता नाही. एचआयव्ही घेऊन आत या आणि मोकळे होऊन बाहेर जा," असं दारावरचा माणूस हसून सांगत होता. जी माणसं वर्षानुवर्षं औषधाच्या डब्या धान्याच्या पिंपात लपवत आली, त्यांना एवढा मान कुठे मिळाला होता?

सहाव्या रांगेच्या टोकाला मोजणीबाई बसल्या होत्या. रुमाल त्यांच्याही तोंडावर होता, पण टाळ्या वाजवायला हात काही उचलत नव्हते.

"विषाणू म्हणजे काय?" प्रोफेसर रंगात आले. अंगावर डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, खिशाला चार पेनं. "विषाणू म्हणजे भित्रा प्राणी! गोळ्यांनी तो मरत नाही, झोपतो. म्हणून डॉक्टर सांगतात, जन्मभर गोळ्या घ्या. अहो, जन्मभर कुणी अंगाई गातं का? माझे थेंब त्याला गदागदा हलवून उठवतात. उठला की तो घामावाटे चालता होतो! हा कंपनसिद्ध अर्क आहे. एकवीस दिवस धातूच्या सान्निध्यात ठेवलेला!"

धातूच्या सान्निध्यात तर आमच्या नळाचं पाणीही असतं, असं मोजणीबाईंच्या मनात आलं.

त्या मुळात आल्या होत्या पाच गोळ्यांपायी. शहरातल्या मोठ्या इस्पितळात एचआयव्हीच्या रुग्णांवर अभ्यास चालला होता. तीनशे माणसं, सगळ्यांना तेच औषध, आणि ते नेमाने घेतलं तर दोन वर्षांनी कोण कसं असतं ते बघायचं. मोजणीबाई तिथल्या नर्स. दर महिन्याला प्रत्येकाला पस्तीस गोळ्यांची डबी द्यायची आणि तिसाव्या दिवशी परत मागून उरलेल्या मोजायच्या. हिशोबाने पाच उरायला हव्यात. पण माणसं हिशोबाने वागतात थोडीच! कुणाच्या सात उरत, कारण दोन दिवस विसरला. कुणाच्या चार, कारण एक मोरीत पडली. वर्षभर हे असंच चाललेलं. आणि गेल्या महिन्यात एक्केचाळीस जणांच्या डब्यांत बरोब्बर पाच गोळ्या निघाल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मोठे डॉक्टर खूश होते. त्यांचा आलेख कसा झोकात वर चढला होता!

"साहेब, मला हे बरं लक्षण वाटत नाही," मोजणीबाई म्हणाल्या.

"बाई, लोक विसरले की तुम्हाला शंका, लोक शहाणे झाले की तुम्हाला शंका. चांगलं काही बघवतच नाही का तुम्हाला?"

"बघवतं की. पण इतकं चांगलं असलं की जवळ जाऊन बघावंसं वाटतं."

त्या एक्केचाळिसांत एक शिंपीण होती. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत ती आणि तिचा वायरमन नवरा राहत. दोघांनाही एचआयव्ही, दोघंही अभ्यासात. तिला सातवा महिना लागला होता. तिच्या पाच गोळ्या मोजून झाल्यावर मोजणीबाईंनी तिला सरळच विचारलं, "खरं सांग, घेतेस ना?"

शिंपीण एकदम उजळल्या तोंडाने म्हणाली, "ताई, रविवारी तुम्हीच या ना सभागृहात. मला तीन आठवडे झाले थेंब सुरू करून. सर म्हणतात, गोळ्या आणि थेंब एकत्र चालत नाहीत. गोळ्या टाकून द्या, डबीत तेवढ्या पाच ठेवा, म्हणजे इस्पितळवाल्यांना वाईट वाटणार नाही. पुढच्या रविवारी माझी रेघ बघणार आहेत."

मोजणीबाईंनी तिच्या पोटाकडे बघितलं. गोळ्या चालू असल्या की आईच्या रक्तातला विषाणू दबलेला राहतो आणि बाळाला लागण होण्याची भीती फार थोडी उरते. तीन आठवडे गोळ्या बंद म्हणजे तो पुन्हा माजायला लागला असणार. आणि बाळंतपण जेमतेम अडीच-तीन महिन्यांवर आलेलं.

म्हणून त्या आज सहाव्या रांगेत होत्या, आणि प्रोफेसरांच्या तोंडाकडे बघायचं सोडून हातांकडे बघत होत्या.

प्रकार असा चाले. साहाय्यिका रुग्णाच्या बोटाला सुई टोची आणि बारीक काचेच्या नळीत रक्त ओढून घेई. सगळ्यांच्या माना तिकडे वळत, कारण रक्त दिसलं की माणूस तिकडेच बघतो. प्रोफेसर ती नळी घेऊन डोळे मिटत आणि पाठमोरे होऊन टेबलावरच्या एका कपाजवळ काहीतरी खुडबूड करत. मग वळून, रक्त घातलं असं सांगत, कार्डाच्या खळग्यात कार्डासोबतच्या छोट्या बाटलीतून थेंब टाकत. पंधरा मिनिटांनी एक रेघ उमटे. दोन रेघा म्हणजे आजार आहे, एक म्हणजे नाही, एवढं तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते दोन रेघांचं कार्ड आयुष्यात एकदा प्रत्येकाने बघितलंच होतं.

त्या सकाळी अकरा जणांची कार्डं झाली. अकराही एका रेघेची. ती दर्शनासाठी टेबलावर मांडली तेव्हा मोजणीबाई रांगेत उभ्या राहिल्या आणि वाकून बघून आल्या. रेघ होती खरी, पण खळगे कोरेकरकरीत होते. रक्त टाकलेल्या कार्डाचा खळगा लाल होतो आणि तसाच राहतो. अशी हजारो कार्डं त्यांच्या हाताखालून गेली होती.

"सर, रक्ताचा डाग दिसत नाही तो?" त्यांनी भाबड्या आवाजात विचारलं.

"अर्काने रक्त पारदर्शक होतं, ताई!" प्रोफेसरांनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

शंका आली म्हणजे चोर सापडला असं होत नाही, हे मोजणीबाईंना पक्कं माहीत होतं. सोमवारी त्यांनी प्रयोगशाळेतून त्याच कंपनीची, तसल्याच खोक्यातली कार्डं घेतली. एकावर नुसतं कार्डासोबत येणारं पाणी टाकलं, रक्त अजिबात नाही. पंधरा मिनिटांनी एक स्वच्छ रेघ उमटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच कार्डं झाली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. त्यांनी शिंपिणीला फोन लावला, पण तो उचलला वायरमनने.

"ताई, तुमची नोकरी आमच्या आजारावर चालते," तो म्हणाला. "आम्ही बरे झालो तर तुम्ही काय मोजणार?" आणि फोन कट.

मोजणीबाईंना राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी शिंपीण मंचावर खुर्चीत बसली तेव्हा सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. साहाय्यिकेने सुई टोचली, नळी भरली. प्रोफेसरांनी डोळे मिटले आणि पाठ फिरवली.

"सर, पाठ कशाला फिरवता?" मोजणीबाईंचा आवाज खणखणीत आला. "आम्हालाही बघू दे की."

थोडी हसाहस झाली. "रक्ताशी संवाद साधताना एकांत लागतो," प्रोफेसर म्हणाले.

"रक्ताला एवढी लाज? बरं, मग रक्त नकोच." त्या मंचावर चढल्यासुद्धा. "तुमच्या खोक्यातलं एक कार्ड द्या मला."

"हा चेष्टेचा विषय नाही, ताई. खाली बसा!"

"नाही देत? माझ्याकडे आहे. कंपनी तीच, खोका तोच." त्यांनी पाकीट सगळ्यांसमोर फाडलं आणि टेबलावरची प्रोफेसरांचीच बाटली उचलली. "तुम्ही कार्डावर टाकता तेच हे थेंब. ह्यात माझं रक्त नाही, कुणाचंच नाही. एक, दोन, तीन. आता थांबू या."

"ही इस्पितळाची हेर आहे!" प्रोफेसर ओरडले. खालून आरडाओरडा सुरू झाला. "उतरा खाली!" "गोळ्या विकायला आली!" वायरमन तर बाह्या सरसावून मंचाशी आला.

"दुसरं कार्ड आहे?"

हे शिंपिणीने विचारलं होतं. बोट अजून तसंच वर धरलेलं, त्यावर रक्ताचा नवा थेंब फुगलेला.

"इथे नको गं," मोजणीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "चारचौघांत नको. उद्या ये माझ्याकडे, दार लावून बघू."

"तोंड झाकलंय माझं. आणि उद्यापर्यंत मला दम निघणार नाही. रक्त मीच टाकते."

नवऱ्याने तिचा हात धरला. "अगं, सरांवर विश्वास नाही तुझा?"

"आहे ना. म्हणूनच टाकते. खरं असेल तर ह्या कार्डावर काय, कुठल्याही कार्डावर एकच रेघ येईल." तिने बोट खळग्यात टेकवलं. खळगा लाल झाला. मोजणीबाईंनी वरून थेंब सोडले आणि दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

ती पंधरा मिनिटं सरता सरेनात. प्रोफेसरांनी आधी कंपनांवर भाषण केलं, मग अविश्वासाने हवा दूषित झाल्याचं जाहीर केलं, आणि मग त्यांना अचानक महत्त्वाचा फोन आला. ते बॅग घेऊन दाराकडे निघाले. वायरमन झपाट्याने पुढे जाऊन दारात उभा राहिला. त्याला अजून काही पटलं नव्हतं, पण निकाल लागायच्या आधी सर निघाले कसे, हे त्याला कळेना.

"सर, पाच मिनिटं राहिलीत फक्त," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

वेळ झाली. रक्त नसलेल्या कार्डावर एक रेघ होती. शिंपिणीच्या कार्डावर दोन.

शिंपीण दोन्ही हात पोटावर ठेवून रडायला लागली.

"ऐका," मोजणीबाई म्हणाल्या. आता त्यांनी रुमाल काढला होता. "पहिली रेघ एवढंच सांगते की पट्टी ओली झाली. ती रक्त नसतानाही येते. आजाराची रेघ दुसरी. सर रक्त त्या कपात सोडत होते आणि कार्डावर नुसतं पाणी. आणि अजून एक. हे कार्ड विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढताना शरीराने केलेली तयारी शोधतं. ती तयारी राहतेच. दहा वर्षं नेमाने गोळ्या घेऊन ठणठणीत असलेल्या माणसाच्याही दोन रेघा येतात. म्हणून दोन रेघा बघून घाबरू नका. आणि ज्याच्याकडे सगळ्यांची एकच येते, त्याला विचारा, कशी काय?"

"पण माझा अहवाल?" रुमालवाले एक गृहस्थ उठले. "विषाणू सापडला नाही, असं तुमच्याच इस्पितळाने लिहून दिलंय. सरांनी तो इथे वाचून दाखवला होता!"

"ते रक्त कधी दिलंत?"

"मार्चमध्ये."

"आणि थेंब?"

गृहस्थ बोटं मोजू लागले आणि थांबले. "मे."

"म्हणजे गोळ्यांनी काम केलं आणि हार सरांच्या गळ्यात पडला. गोळ्या सोडल्यावर पुन्हा तपासलंत?"

ते हळूच खाली बसले. साहाय्यिकेने तोपर्यंत कप लपवायचा प्रयत्न केला होता; तो वायरमनच्या हाती लागला. आत तळाला रक्त होतं, आजच्या सगळ्यांचं. त्याने तो प्रोफेसरांच्या नाकासमोर धरला. कुणीतरी पोलिसांना फोन केला होता; ते येईपर्यंत धरून ठेवला.

त्याच दुपारी शिंपिणीने आणि तिच्या नवऱ्याने इस्पितळात येऊन गोळ्या घेतल्या. तपासणीत तिच्या रक्तातल्या विषाणूंचा आकडा काही हजारांवर गेलेला निघाला. एक्केचाळीसपैकी छत्तीस जण त्या आठवड्यात परत आले. उरलेल्या पाचांच्या घरी मोजणीबाई स्वतः जिने चढून गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी आपला देखणा आलेख फाडला आणि खरा काढला. तो बराच खाली आला होता.

"बाळाला होणार नाही ना?" शिंपिणीने डॉक्टरांना विचारलं.

"शक्यता कमी करता येते, खूप कमी. शून्य म्हणालो तर ते खोटं होईल."

"सरांनी शंभर टक्के सांगितलं होतं."

"हो," डॉक्टर म्हणाले. "त्यांना सांगता येतं. त्यांना पुढे काही तपासायचं नसतं."

महिन्याभरात तिच्या रक्तातला विषाणू पुन्हा सापडेनासा झाला. दिवस भरल्यावर मुलगी झाली. पहिल्या दिवसापासून बाळाला औषधाचं सरबत सुरू केलं. सहा आठवड्यांनी टाचेतून रक्त घेतलं, आणि अहवाल येईपर्यंतचे दिवस दोघांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. अहवालात लिहिलं होतं, विषाणू सापडला नाही.

वायरमन भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. शिंपीण रडली नाही. तिने तो कागद दोनदा वाचला आणि मुलीला खांद्यावर घेत विचारलं, "ताई, पुन्हा कधी तपासायचं?"

"सहाव्या महिन्यात. मग अठराव्या."

"दोन्ही तारखा लिहून द्या. आणि रक्त घ्याल तेव्हा मी समोर उभी राहणार. सगळं विचारणार. चालेल?"

"चालायलाच हवं," मोजणीबाई तारखा लिहीत म्हणाल्या. "आणि भेटेल त्याला सांग, विचारलेलं ज्याला चालत नाही, त्याचं औषध घेऊ नका. आमचंसुद्धा."