मंगळवारी दहा वाजता

माझ्या धाकट्या भावाला, फोटिसला, मी पाच वर्षं रोज सकाळी युनिव्हर्सिटीच्या दारात सोडत होते. माइल एंडच्या आमच्या घरून शहरातल्या दातांच्या दवाखान्यात कामावर जाताना ते वाटेतच पडायचं. तो इंजिनियरिंग आणि अकाउंटिंग अशा दोन पदव्या एकदम करत होता. बाबांनी चाळीस वर्षं अ‍ॅडलेडभर लोकांच्या न्हाणीघरांत टाइल्स बसवल्या आणि गुडघे घालवून बसले. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. बाबा म्हणायचे, "पोराचं शिक्षण संपू दे. मग बसतो की वर्षभर घरी."

नोव्हेंबरात शेवटची परीक्षा आली. त्या सकाळी फोटिस गाडीतून उतरला आणि कॅल्क्युलेटर सीटवरच राहिला. दोन सिग्नल पुढे गेल्यावर माझं लक्ष गेलं. त्याचा फोन बंद होता. मी गाडी वळवली.

परीक्षेच्या हॉलबाहेर यादी लावली होती. ती मी तीनदा वाचली. त्याचं नाव नव्हतं.

इंजिनियरिंगच्या ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या. "दोन डिग्र्यांवाला ना? मग कॉमर्सकडे असेल तो. ती मुलं तिकडचीच."

रस्ता ओलांडून कॉमर्समध्ये गेले. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "इंजिनियरिंगचा आहे ना? मग त्यांना विचारा."

"त्यांनीच इकडे पाठवलंय. परीक्षा सुरू होईल हो, जरा बघा ना!"

त्याने नाव टाइप केलं. पडद्याकडे बघितलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे. "मला तुम्हाला काही सांगता येत नाही, नियम आहे. त्यालाच विचारा." थोडं थांबून हळूच म्हणाला, "आजच विचारा."

फोटिस मला इंजिनियरिंगच्या इमारतीत तळमजल्यावर सापडला. लांब टेबलाशी पहिल्या वर्षाची तीन मुलं त्याच्याभोवती बसली होती आणि तो त्यांना तुळईवरच्या भाराचं गणित समजावत होता. "बघ, इथे बळ वर लागतंय, म्हणून चिन्ह बदलायचं." इतकं निवांत मी त्याला घरी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. एक मुलगी हसून म्हणाली, "सरांपेक्षा तूच बरा शिकवतोस रे."

मग त्याने मला पाहिलं. माझ्या हातातला कॅल्क्युलेटर पाहिला. पेन्सिल खाली ठेवून उठला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"काय झालं होतं?"

"मंगळवारी दहा वाजता," तो म्हणाला. "थर्मोडायनॅमिक्सचं प्रॅक्टिकल आणि ऑडिटचा वर्ग, दोन्ही एकाच वेळी. दोन्हीकडे हजेरी सक्तीची. हे म्हणायचे त्यांना वेळ बदलायला सांग, ते म्हणायचे ह्यांना सांग. मग मी एक मंगळवार इकडे, एक तिकडे असं करत राहिलो. दोन्हीत नापास झालो गं, अँथूला. पुढचे सगळे विषय त्या दोन्हींवर अडलेले. पुढच्या वर्षी वेळापत्रक आलं, तर परत मंगळवार, परत दहा. नंतर पत्र आलं, काढून टाकल्याचं."

"अरे, भांडायचं ना! अर्ज करायचा!"

"अर्ज कुणाकडे करायचा तेच दोन महिने कळलं नाही. कळलं तेव्हा मुदत गेली होती."

"आणि तुझे मित्र? कुणालाच कसं कळलं नाही?"

"ह्यांना वाटलं मी तिकडे आहे. त्यांना वाटलं इकडे." तो खिडकीबाहेर बघत होता. "मी वाट बघितली गं. कोणीतरी विचारेल म्हणून. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी तर रोज त्याच्याशेजारी बसत होते. रेडिओ लावून.

संध्याकाळी बाबा परसात टोमॅटोला पाणी घालत होते. फोटिसनेच सांगितलं, उभ्याने, एका दमात. बाबांनी नळ बंद केला.

"रोज डबा नेत होतास."

"हो."

"ती दोन ऑफिसं लांब आहेत का एकमेकांपासून?"

"समोरासमोर आहेत, बाबा."

बाबांना ते कळेना. ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, रस्ता केवढा रुंद आहे, मधे काय आहे. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गुडघे तसेच ठेवले होते ना, माझ्यासाठी."

बाबा ओट्यावर बसले. बसायलाही त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "उद्या सहाला निघायचं. जुने बूट घाल."

त्याला आता वर्ष झालं. फोटिस बाबांबरोबर टाइल्स बसवतो. बाबांना वाकवत नाही, म्हणून जमिनीवरचं सगळं काम तोच करतो. काम सुबक करतो, बोलत मात्र नाही. परत प्रवेशाचा अर्ज मी दोनदा भरून त्याच्यापुढे ठेवला. दोन्ही वेळा तो तसाच, सहीशिवाय, टेबलावर पडून राहिला. ऑपरेशनचं नाव बाबा काढू देत नाहीत.

यंदा ईस्टरला चर्चच्या हॉलमध्ये बाबांच्या एका जुन्या सोबत्याने विचारलं, "काय रे, पोरगा झाला का साहेब?"

"अजून शिकतोय," बाबा म्हणाले. "अवघड असतं ते. वेळ लागतो."

फोटिस शेजारीच उभा होता, ताटलीत कोकराचं मटण घेऊन. सोबत्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! बापाचं नाव काढ!"

"हो काका," तो म्हणाला.