बजाबाईच्या पोटाला आलेला संशय

मित्रांनो, मी एक जुनं पोट आहे. सोलापुरात राहतो, बजाबाईच्या बरगड्यांखाली, जरासा डाव्या अंगाला. मला डोळे नाहीत, पण कान तिखट आहेत, आणि स्वभाव त्याहून तिखट. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. दारात आलेल्या प्रत्येक घासाला मी विचारतो, कुठून आलास? कुणी धाडलं? चावून आलास की तसाच घुसलास? तुम्ही म्हणाल, काय हे खवचट पोट! म्हणा बापडे. माझ्या जागी येऊन बसा, मग कळेल.

लोक माझ्याबद्दल वाटेल ते बोलतात. म्हणे, पोटात कावळे ओरडतात. अहो, मी जन्मापासून इथं आहे, एकसुद्धा कावळा भेटलेला नाही. म्हणे, ही गोष्ट पोटात ठेव. आता गल्लीभरच्या गोष्टी ठेवायला मी काय कणगी आहे?

माझं खरं काम ऐका. माझ्याकडे एक आम्ल आहे, भलतं जहाल. घासाबरोबर चोरून आलेले बरेचसे जंतू ते जागच्या जागी गारद करतं. त्याच्या जोडीला विकरं असतात. विकरं म्हणजे पाचक रसातले कामगार. डाळ, शेंगदाणा, अंडं यांची गाठ सोडवायला ते इथं सुरुवात करतात. पुढं आतड्यात स्वादुपिंडाची विकरं आणि यकृताचं पित्त उरलेलं काम उरकतात. पण छातीत जरा जळजळलं की लोक म्हणणार, "पित्त झालं!" पित्त बिचारं पुढच्या दारी राबतंय, आणि नाव त्याचं बदनाम.

असलं जहाल आम्ल घरात बाळगायचं तर भिंती जपाव्या लागतात. म्हणून बाया घर सारवतात तसा मी स्वतःला आतून सारखा सारवून घेतो. सारवण चिकट, बुळबुळीत असतं. ते जागेवर आहे तोवर आम्ल अन्नाला खातं, मला नाही. पुढची सगळी भानगड या सारवणाचीच आहे.

बजाबाईचं माहेर मंगळवेढ्याकडचं. लहानपणी माझी चैन होती. ज्वारीची भाकरी, पातळ ताक, कधी हुलग्याच्या पिठाचं पातळ, ऊन माडगं. पोरगी शेताच्या बांधावर बसून सावकाश चावायची, त्यामुळं निम्मं काम वरच, लाळेतच सुरू व्हायचं. "आमच्या बजीला धोंडं दिलं तर धोंडंबी पचतील," असं तिची आई कौतुकानं सांगायची आणि मी इथं फुगायचो. अभिमानानं हं, गॅसनं नव्हे.

लग्न होऊन ती सोलापुरात आली. मुलगा मोठा झाला, ट्रक चालवायला लागला, घरी कमीच असायचा. मग बजाबाईनं आणि तिच्या सुनेनं, रेश्मानं, घरातच कडक भाकरीचं काम सुरू केलं. रेश्मा पीठ मळायची, बजाबाई काटवटीत पातळ भाकरी थापायची, तव्यावर टाकायची आणि पापडासारखी कडक होईपर्यंत भाजायची. हॉटेलवाले न्यायचे, लग्नघरचे न्यायचे. "भाकरी खावी तर बजाबाईच्या हातची," असं लोक म्हणायचे. मला कुणी काही म्हणायचं नाही. तिच्या हातची भाकरी मीच पचवत होतो, पण असू दे.

तासन् तास मांडी घालून बसायचं म्हटल्यावर गुडघे बोलायला लागले. एक दिवस बजाबाईनं ओळखीच्या दुकानातून, डॉक्टरला न विचारता, दुखण्याची गुलाबी गोळी आणली. पहाटे उठायचं, कोऱ्या चहाबरोबर ती गिळायची आणि कामाला बसायचं. माझ्यात अन्नाचा कण नाही, आणि ही बया येऊन आदळायची.

मला पहिल्याच दिवशी संशय आला. मी विचारलं, कुणाकडे निघालीस? म्हणाली, गुडघ्याकडे. मग माझ्या सारवणाला का हात लावतेस?  रोज यायची, गुडघा गप्प करायची आणि जाता जाता माझं सारवण पातळ करून जायची. शेवटी एका जागचं सारवण उडालं, भिंत उघडी पडली, आणि माझंच आम्ल माझ्यावर उलटलं. मला जखम झाली. मित्रांनो, मी घाबरलो. ही जखम वाढली आणि मी फुटलो, तर बजाबाई जगायची नाही.

मी ओरडलो. पोटाचं ओरडणं म्हणजे काय, तर जळजळ. पहाटे जळजळ, भाकरी थापताना जळजळ. ती गार दूध प्यायली. मी घटकाभर निवलो आणि पुन्हा ओरडलो.

तेवढ्यात शेजारची शिवबाई आली. हिच्या चपलांचा आवाज आला तरी मी सावध होतो. गल्लीत कुणाला काही झालं की हिच्याकडे औषध तयार.

"बजाक्का, ह्ये घे. नव्या पेठंतनं चूर्ण आणलंय. समदं नैसर्गिक. लई गुणाचं. साईड इफेक्ट न्हाय म्हनला."

"कोन म्हनला?"

"इकनाराच की!"

झालं! विकणाराच म्हणाला, मग पोटानं काय बोलायचं? पिशवीवर नाव नाही, गाव नाही, आत काय घातलंय त्याचा पत्ता नाही. आणि नैसर्गिक म्हणजे काय हो? धोतराही नैसर्गिकच आहे, म्हणून त्याची कुणी भाजी करतं का?

चूर्ण माझ्यात उतरलं. मी ते नीट तपासलं. पुढं जिरं, ओवा, हिंग अशी चांगल्या घरची मंडळी उभी केलेली, आणि त्यांच्या पाठीमागं लपलेला खायचा सोडा. सोडा आम्लाला भिडला, फसफस झाली, बजाबाईनं मोठा ढेकर दिला.

"बघ, ग्यास सुटला!" शिवबाई खूश.

जिऱ्याशी नि ओव्याशी माझं वैर नाही. जड जेवणानंतर चिमूटभर ओवा आला तर मी त्याला बसायला जागा देतो. पण ओव्यानं जखम भरत नाही. सोड्यानं माझं तोंड तेवढं दाबलं. रोज मी ओरडायचो, रोज चूर्ण यायचं. घरात चोर शिरलाय आणि भुंकणाऱ्या कुत्र्यालाच घरचे मारतायत, असा प्रकार.

मग रक्त झिरपायला लागलं. आता पुढचं सांगायला जरा संकोच वाटतो, पण पोटानं लाजून कसं चालेल? रक्त माझ्या आम्लात मिसळलं की काळं पडतं, आणि शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं. मला वाटलं, हे पाहून तरी ती हादरेल, दवाखाना गाठेल.

तिनं पाहिलं. आणि शिवबाईला काय सांगितलं, तर, "काळं व्हतंय गं जरा. मिसरीचं आसंल."

मिसरी म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. या दोघी सकाळी तीच दातांना घासत बसायच्या.

"व्हय की," शिवबाई म्हणाली. "थोडी पोटात जातीच की. माझंबी व्हतंय कदी कदी."

मित्रांनो, त्या दिवशी मी कपाळ बडवून घेतलं असतं. पण पोटाला कपाळ कुठलं?

बजाबाई अशक्त होत चालली. जिना चढताना धाप लागायची, उठताना भोवळ यायची. रेश्मा म्हणायची, "आत्या, डॉक्टरकडं चला." बजाबाईचं ठरलेलं उत्तर, "लगीनसराई हाय. भाकरी कोन थापणार, तुजा बाप?" सासवासुनांचं पटायचं, म्हणून रेश्मा हसून सोडून द्यायची. मला मात्र हसू यायचं नाही. मला एकच दिसत होतं, हिच्या अंगातलं रक्त कमी होतंय आणि ते माझ्यातूनच जातंय.

मग काव्यानं घोळ घातला. काव्या म्हणजे रेश्माची मुलगी, चार वर्षांची. आजीचं बघून तिनं मिसरीची डबी उघडली आणि बोट भरून दातांना घासली. पोरीला उलट्या झाल्या, डोळे फिरले. दवाखान्यात नेऊन आणल्यावर ती शांत झोपली, तेव्हा रेश्मा पहिल्यांदा सासूवर ओरडली. "पोरगी तुमचंच बघून करतीय आत्या! तिला काय झालं असतं म्हंजी?"

बजाबाई उठली. डबी उचलून तिनं गटारीत रिकामी केली आणि पुन्हा मिसरीला हात लावला नाही. नातीपुढं तंबाखूचं काय चालणार! चार दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, पण ती बधली नाही. खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला.

मिसरी सुटली, काळं मात्र सुटलं नाही.

एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. ती हळूच म्हणाली, "रेश्मा, मिसरी सुटून इतकं दिस झालं. मग ह्ये काळं कशाचं गं?"

"कसलं काळं?"

बजाबाईनं सांगितलं. लाजत, अडखळत सांगितलं. काव्याला नेलं त्या दवाखान्यात भिंतीवर लिहिलं होतं, शौचाला काळं म्हणजे पोटात रक्त, लगेच दाखवा. ते रेश्माला आठवलं असावं, कारण तिनं लगेच तव्याखालचा गॅस बंद केला.

"उठा."

"अगं, लग्नाची आर्डर हाय."

"खड्ड्यात गेली आर्डर. उठा आत्या, तुमच्या पाया पडते."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, गोळ्या कोणत्या घेता?"

"गोळ्या कुटल्या? चूर्ण तेवढं घेते."

"आणि ती गुलाबी गोळी?" रेश्मा म्हणाली.

"ती गुडघ्याची हाय गं. पोटाची कुटं हाय?"

ऐकलंत? इतके दिवस मी बोंबलत होतो ते याचसाठी. अहो, तोंडातून गुडघ्याकडं जायला वेगळी वाट नाही. गुडघ्याची असो, डोक्याची असो, गोळी आधी माझ्याच दारात येते. डॉक्टरबाईंनीही तिला हेच समजावलं.

मग त्यांनी घशातून एक नळी आत सोडली. टोकाला दिवा असलेली दुर्बीण. आता कोण शिरलं, म्हणून मी अंग चोरलं. आणि एकदम उजेड झाला. मित्रांनो, मला डोळे नाहीत, तरी ते कळलं, कारण माझ्यात जन्मात उजेड शिरला नव्हता. माझ्या भिंती गुलाबी आहेत हे मला तेव्हा बाईंच्या बोलण्यातून कळलं. उजेड फिरत फिरत जखमेवर येऊन थांबला. "ही बघा, इथनं रक्त येतंय," बाई म्हणाल्या. मला रडू फुटायचं राहिलं. कुणीतरी एकदाचं बघितलं होतं.

रक्त तिथल्या तिथं थांबवलं. बजाबाईला रक्ताच्या पिशव्या लागल्या. गुलाबी गोळी बंद झाली, चूर्ण बंद झालं. माझं आम्ल कमी करणारी एक गोळी सुरू झाली. तिच्यावरही मी संशय घेतला, सवयच ती. पण आम्लाचा जोर जरा उतरल्याशिवाय जखम भरणार नव्हती, हे मलाही पटलं. "मी सांगेन तोवरच घ्यायची," बाईंनी बजावलं, "मनानं चालू नाही, मनानं बंद नाही." असं बोलणारा माणूस मला आवडतो.

मित्रांनो, पोटाला फार काही लागत नाही. वेळेवर घास, तो नीट चावलेला, तिखट बेतानं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पण माझी विनवणी वेगळीच आहे. आज घरी गेलात की आजीशेजारी बसा आणि विचारा, आजी, तू काय काय गिळतेस? गुडघ्याचं, डोक्याचं, शेजारणीनं दिलेलं, सगळं विचारा. शौचाला काळं होतं का, तेही विचारा. ती लाजेल, "गप की मेल्या" म्हणेल. तरी विचारा, आणि ऐकलेलं सगळं डॉक्टरांना सांगा.

बजाबाई घरी आल्यावर रेश्मानं तिला मांडी न घालता थापायला उंच ओटा करून दिला. परवा पहाटे गुडघा पुन्हा ठणकला. शेजारून शिवबाईनं हाक दिली, "बजाक्का, माझ्याकडं एक नवीन गोळी हाय बग. देऊ का?"

मी अंग आवळून बसलो. आता ही काय करते?

 बजाबाईचा हात आला आणि माझ्यावर, अगदी जखम होती तिथं, पोटावर टेकला.

"थांब शिवबाई," ती म्हणाली. "आदी ह्याला इचारते."