पाठीपुरता रंग

"अरे देवा! टेरी, हा पाय आहे की झेब्रा?" शेजारची पॉलीन हसून हसून कठड्याला टेकली.

टेरीने विजारीचा पाय घाईघाईने खाली ओढला. लिव्हरपूलच्या रस्त्यांवर जन्मभर बस चालवलेला माणूस, पण कातडी उन्हात तांबूसलेली दिसावी म्हणून बायका अंगाला लावतात त्या रंगाच्या बाटलीने त्याची पार भंबेरी उडवली होती.

"हसतेस काय? शिकव."

"घोट्यावर, गुडघ्यावर अगदी पुसट लाव, तिथं रंग साचतो. आणि घाई कशाला? रोज अंघोळीनंतर एक हलका हात. कुणी परीक्षा घेत नाहीये तुझी."

परीक्षाच होती. जूनमध्ये लेकीचं, हॉलीचं लग्न, आणि झगा पाठीवर उघडा. शाळेतल्या पहिल्या नाचापासून लेकीच्या पाठीला रंग लावायची ती तिची आई, डिलिस. शुक्रवारी संध्याकाळी दोघी न्हाणीघरात शिरायच्या, खिदळणं जिन्याखाली ऐकू यायचं. डिलिस गेल्या वर्षी गेली. "पाठ राहू दे, वरून शाल घेईन," हॉली परवा म्हणाली आणि टेरी ही बाटली घेऊन आला.

मग तो आपल्याच पायांवर गिरवत राहिला. आज पोटरी, उद्या मांडी. हळूहळू पट्टे गेले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "हॉली, वळ बघू."

"बाबा, तुला काय कळतंय त्यातलं?"

त्याने विजार वर केली. पाय कसा खरपूस बिस्किटासारखा, एकसारखा! हॉली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिने तळव्याला रंग लागू नये म्हणून घालायचा हातमोजा पुढे केला.

"नको. तुझी आई हातानंच लावायची."

त्याने मानेपासून कमरेपर्यंत सावकाश हात फिरवला. एकही जागा सोडली नाही. "झालं," तो म्हणाला, तशी हॉली वळून त्याच्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडली. हात धुवायचे राहूनच गेले.

सकाळी तळवे गडद तपकिरी.

"अगंबाई! भाड्याच्या सुटाबरोबर आलेत ना हातमोजे, ते घाल," पॉलीन ओरडली. "फोटोत दिसेल!"

टेरी तळव्याकडे बघत राहिला. दर शनिवारी सकाळी चहाचा कप धरलेला डिलिसचा हात असाच असायचा. त्याला तिची फार आठवण आली.

"दिसू दे," तो म्हणाला.

चर्चच्या दाराशी त्याने हात पुढे केला. हॉलीने तळवा उलटून पाहिला आणि घट्ट धरला. शाल गाडीतच राहिली होती.