पुन्हा गायलेली अंगाई

अंगाईगीतांचा संग्रह पटकन चढवता यावा म्हणून संग्रहालयातल्या संगणकवालीने डेटाबेसमधल्या बदलांची नोंद ठेवणारी सोय बंद केली. बॅकअप घ्यायच्या आधीच डिस्क बंद पडली. जुन्या बॅकअपवरून बाकी सगळं परत आलं, पण अंगायांचे ब्लॉक, म्हणजे डेटाबेसमधले त्यांचे कप्पे, वाचता येईनात. नोंदच नव्हती, मग ते सावरणार कशावरून? मूळ ध्वनिमुद्रणं तिने पुन्हा चढवली. एका आजींचं तेवढं पुसलं गेलं होतं.

ती आजींकडे गेली. "आजी, तुमचं गाणं माझ्या हातून गेलं. पुन्हा म्हणाल?"

"म्हणते की. पण मागचे शब्द आता कुठले आठवायला?"

दुपारच्या वाऱ्यात पडदा हलत होता. आजी नदी, होडी, पेंगुळलेला चंद्र असं काहीबाही गुंफत गेल्या. खोलीच पाण्यावर तरंगतेय असं तिला वाटलं आणि डोळे मिटले. जाग आली तेव्हा अंगावर शाल होती.

"झालं का रेकॉर्डिंग?" तिने दचकून विचारलं.

"झालं. तुझं घोरणंही आलंय त्यात."

ती खुदकन हसली. घोरण्यासकट ते गाणं तिने संग्रहात चढवलं आणि लगेच बॅकअप घेतला.