बाहेरचा इलेक्ट्रॉन

डोस्कं फिरलं माझं त्या दिवशी, ते अजून जागेवर आलं नाही. तुम्हीच सांगा, कोणाचं फिरणार नाही?

विज्ञान दिनाले शाळेत पोट्ट्यायचा अणू करायचा होता. लिथियमचा, मोबाईलच्या बॅटरीत असते तो. मधात गाभा, त्यात तीन प्रोटॉन, चार न्यूट्रॉन. भवताल फिरणारे तीन इलेक्ट्रॉन. माझी करुणा पहिला प्रोटॉन होती, बोलायचं कामही तिचंच. भांडे घासता घासता मले सांगे, "आई, प्रोटॉन किती, त्यावरून अणू कोणता ते ठरते. तिनाचे चार झाले का तो लिथियम राह्यतच नाही." प्रोटॉनचा रंग लाल म्हणे, म्हणून मी तिच्यासाठी लाल फ्रॉक शिवला.

आदल्या दिवशी केवळराम सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, सारं बदलवलं. सरपंचाचा निकेश पहिला प्रोटॉन, राईस मिलवाल्याची टीना दुसरा. गाभा स्टेजवर, मांडवात, पाहुण्यायच्या बाजूले, फोटोत. आन् इलेक्ट्रॉन खाली, उन्हात, धुळीत. कोण? करुणा, अश्विन, रिता. तिघंही आमच्या बुद्धविहाराकडचे. वा रे वा!

मी तशीच शाळेत गेली. "काहून जी सर, आमचेच तिघं बाहेर काहून?"

सर हसले. "बाई, इलेक्ट्रॉन बाहेरच असतात. विज्ञानाचा नियम आहे. त्यात जात कायले आणता?"

"बाहेर कोणाच्या लेकरांले उभं करावं, हेबी विज्ञानातच हाये का?"

"उद्या पाहुणे येऊन राहिले, बाई. तमाशा नको."

अंगाची नुसती आग आग झाली. घरी येऊन म्हटलं, उद्या शाळेत जायचंच नाही. करुणा रडली नाही. लाल फ्रॉकची घडी करून ठेवली आन् म्हणे, "मी जातो आई. सर्वात बाहेरचा इलेक्ट्रॉन मीच बनतो. तू फक्त चूप राह्य." चूप राहणं माझ्या रक्तात नाही बाप्पा, पण राहिली.

दुसऱ्या दिवशी निकेशनं छाती फुगवून करुणाचंच भाषण म्हटलं. खाली आमचे तिघं उन्हात गोल गोल फिरून राहिले. मी दातओठ खात उभी. मंग सरांनी माइकवर सांगितलं, "आता आपला लिथियम फ्लोरीनशी जोडला जाईल, नवीन पदार्थ तयार होईल." पल्याड भूपेंद्र गळ्यात फ्लोरीनची पाटी घालून, हात पुढं करून उभा होता. करुणानं जाऊन तो हात धरायचा होता.

पोट्टी थांबली. सरळ निंबाच्या सावलीत जाऊन बसली. अश्विन आन् रिता तिच्या बाजूले जाऊन बसले.

"करुणा! ऊठ, हात धर त्याचा!"

"सर, प्रोटॉनले पाठवा ना."

सर चिडले. "प्रोटॉन जागचा हलत नसतो! जोडणी बाहेरचा इलेक्ट्रॉनच करतो!"

माइक चालूच होता. साऱ्या मांडवानं ऐकलं.

"मंग बाहेरच्याले विचारा, सर," करुणा म्हणाली. "बाहेरचा नाही म्हणते."

स्टेजवर निकेश टीनाकडं पाहे, टीना सरांकडं. भूपेंद्रचा हात तसाच पुढं. पाहुणे कुजबुजू लागले. सर घाम पुसत माझ्याकडं धावत आले, "बाई, समजवा ना तुमच्या पोरीले!"

मी म्हटलं, "विज्ञानाचा नियम हाये जी सर. त्यात आईले कायले आणता?"